हेडर, लायब्ररी आणि फ्लॅग

सी किंवा सी++ च्या प्रकल्पाला बाहेरची लायब्ररी जोडायची म्हणजे दोन वेगळ्या वस्तू प्रकल्पाच्या हवाली करायच्या असतात. पहिली हेडर फाइल. तिच्यात फंक्शनांची नावे, त्यांना कोणत्या प्रकारची मूल्ये द्यायची आणि परत काय मिळते, सहसा एवढीच ओळख असते. दुसरी खुद्द लायब्ररीची फाइल. त्या फंक्शनांचा आधीच कंपाइल झालेला मशीन कोड तिच्यात असतो. कोडच्या माथ्यावर ‘इन्क्लूड’ची ओळ लिहिली की लायब्ररी जोडली गेली, हा समज विद्यार्थ्यांत फार रुजलेला आहे आणि बहुतेक पुढच्या अडचणींचे मूळ त्यातच आहे. ती ओळ हेडरमधला मजकूर उचलून त्या जागी आणून ठेवते. प्रत्यक्ष कोड कोणत्या फाइलीतून घ्यायचा, हे ती सांगत नाही.

आयडीई, म्हणजे संपादक, कंपायलर चालवण्याची सोय आणि डिबगर एकाच खिडकीत देणारे सॉफ्टवेअर, आजकाल सहसा स्वतः काहीही कंपाइल करत नाही. ‘बिल्ड’चे बटण दाबल्यावर ते पडद्याआड कंपायलरला हाक मारते आणि त्याच्या हाती एक लांबलचक कमांड देते. कमांडमधल्या सूचनांना फ्लॅग म्हणतात. बिल्डच्या सेटिंग्जमध्ये दिसणारा जवळजवळ प्रत्येक रकाना शेवटी याच कमांडचा एखादा तुकडा भरतो. बिल्डचे काम टप्प्याटप्प्याने होते: प्रीप्रोसेसर हेडरचा मजकूर आणतो, कंपायलर आणि असेंब्लर मिळून एकेका सोर्स फाइलीची ऑब्जेक्ट फाइल तयार करतात, लिंकर त्या सगळ्या फाइली आणि लायब्रऱ्या सांधून प्रोग्राम बनवतो. त्यानंतर प्रोग्राम चालवताना ऑपरेटिंग सिस्टिमचा लोडर पुन्हा काही फाइली शोधतो. हेडर कुठे आहे हा प्रश्न पहिल्या टप्प्याचा, कोड कोणत्या फाइलीत आहे हा लिंकरचा आणि चालताना लागणारी फाइल कुठे आहे हा लोडरचा. तिघे एकमेकांना विचारत नाहीत. एकाला सांगितलेला पत्ता दुसऱ्याला कळत नाही, म्हणून तो प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगावा लागतो.

महाराष्ट्रातल्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांत शिकलेल्या अनेकांनी ही तिहेरी रचना टर्बो सी++ मध्ये हाताळलेली आहे, तिच्याकडे या नजरेने पाहिले नसेल एवढेच. बोरलँडचे टर्बो सी १९८७ मध्ये आणि टर्बो सी++ १९९० मध्ये बाजारात आले. डॉसवर चालणारी ही निळी खिडकी आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिली. तिच्या ‘ऑप्शन्स’ मेनूत ‘डिरेक्टरीज’ नावाची पाटी होती आणि तिथे इन्क्लूड फोल्डर आणि लायब्ररी फोल्डर असे दोन वेगळे रकाने होते. त्याच मेनूत लिंकरखाली ‘ग्राफिक्स लायब्ररी’समोर खूण करावी लागे. ती राहिली की ग्राफिक्स.एच हेडर व्यवस्थित सापडूनही ‘अनडिफाइन्ड सिंबॉल इनिटग्राफ’ अशी लिंकरची तक्रार येई. आणि इनिटग्राफ या फंक्शनला तिसरे मूल्य म्हणून बीजीआय फोल्डरचा पत्ता द्यावा लागे, कारण ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोग्राम चालू झाल्यानंतर तिथून वाचला जाई. हेडरचा पत्ता, लिंकरची खूण, चालतानाचा पत्ता: आजच्या कोणत्याही मोठ्या आयडीईत याच तीन गोष्टी वेगळ्या नावांनी भराव्या लागतात.

जुने ग्राफिक्सचे प्रयोग आजच्या विंडोजवर चालवण्यासाठी विनबीजीआयएम ही लायब्ररी वापरली जाते. कोड::ब्लॉक्स या मोफत आयडीईत ती बसवणे हे या विषयाचे चांगले उदाहरण आहे, कारण चुकण्याच्या जवळजवळ सगळ्या जागा तिच्यात येतात.

सुरुवात हेडरपासून. जीसीसी घराण्याच्या कंपायलरला हेडरचा फोल्डर डॅशपुढे कॅपिटल आय लिहून सांगतात. कोड::ब्लॉक्समध्ये हेच ‘प्रोजेक्ट’ मेनूतल्या ‘बिल्ड ऑप्शन्स’मध्ये ‘सर्च डिरेक्टरीज’खालच्या ‘कंपायलर’ रकान्यात भरतात. व्हिज्युअल स्टुडिओत त्याच रकान्याचे नाव ‘अॅडिशनल इन्क्लूड डिरेक्टरीज’, तर एक्सकोडमध्ये ‘हेडर सर्च पाथ्स’. इथे फाइलीचा नव्हे, फोल्डरचा पत्ता द्यायचा असतो, आणि नेमका कोणता फोल्डर हे कोडमधल्या ओळीवर ठरते. उदाहरणार्थ, एसडीएल२ या लायब्ररीसाठी कोडमध्ये ‘एसडीएल२/एसडीएल.एच’ असे लिहिले असेल तर एसडीएल२ या फोल्डरच्या वरच्या फोल्डरचा पत्ता हवा. नुसते ‘एसडीएल.एच’ लिहिले असेल तर एसडीएल२ फोल्डरचाच. पत्ता चुकला की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा निरोप येतो आणि बिल्ड तिथेच थांबते. ही सगळ्यात प्रामाणिक चूक म्हणावी लागेल, कारण न सापडलेल्या फाइलीचे नाव संदेशातच लिहिलेले असते.

हेडर सापडले म्हणजे ते निर्दोष आहे असे नाही. विनबीजीआयएमच्या ग्राफिक्स.एचची जी प्रत सर्वत्र फिरते, तिच्यात एका फंक्शनच्या घोषणेत ‘राइट’ हे नाव दोनदा आले आहे आणि आजचा कंपायलर त्यावर अडतो. तिथे कोणताही फ्लॅग कामाचा नाही, हेडरमधली ती ओळच दुरुस्त करावी लागते. शिवाय हे हेडर सी++ चे आहे, त्यामुळे प्रोग्रामची फाइल .सी नव्हे तर .सीपीपी या नावाने साठवावी लागते. जीसीसीसारखे कंपायलर भाषा ओळखतात ती फाइलीच्या शेपटावरून.

कंपायलरला सांगायच्या गोष्टींत पत्त्याइतकाच महत्त्वाचा, पण हमखास विसरला जाणारा फ्लॅग म्हणजे कॅपिटल डी. त्याने एखादे नाव बाहेरूनच ‘डिफाइन’ करता येते. लायब्ररी स्थिर आहे की गतिशील, म्हणजे तिचा कोड प्रोग्राममध्येच भरला जाणार आहे की वेगळ्या डीएलएलमध्ये राहणार आहे, हे विंडोजवर हेडरला आधीच ठाऊक असावे लागते. म्हणून एसएफएमएलची स्थिर प्रत वापरताना एसएफएमएल_स्टॅटिक, लिबकर्लची वापरताना कर्ल_स्टॅटिकलिब, ग्ल्यूची वापरताना ग्ल्यू_स्टॅटिक ही नावे डिफाइन करावी लागतात. ती राहून गेली की कंपायलर डीएलएलसाठीची नावे मागतो. लायब्ररीची फाइल जागेवर असते, पत्ता बरोबर असतो, तरी लिंकरला काही सापडत नाही. न सापडलेल्या नावाआधी ‘इम्प’ असा उपसर्ग दिसला, तर दोष आधी लिंकरच्या रकान्यात शोधू नये, तो बहुधा कंपायलरच्या डिफाइनमध्ये असतो. हे एवढे लक्षात असेल तर कित्येक तासांची वणवण वाचते.

बाहेरच्या हेडरमुळे इशाऱ्यांचा पाऊस पडत असेल तर कॅपिटल आयऐवजी ‘आयसिस्टम’ हा फ्लॅग वापरतात. त्या फोल्डरातल्या फाइलींना कंपायलर सिस्टिमच्या फाइली मानतो आणि त्यांच्याबद्दलचे इशारे गिळतो, मग स्वतःच्या कोडमधले इशारे उठून दिसतात.

आता लिंकर. त्याला दोन गोष्टी सांगायच्या असतात: कॅपिटल एलने लायब्ररीचा फोल्डर आणि स्मॉल एलने लायब्ररीचे नाव. युनिक्सच्या परंपरेत लायब्ररीच्या फाइलीचे नाव ‘लिब’ने सुरू होते आणि ‘.ए’ किंवा ‘.एसओ’ने संपते. स्मॉल एलपुढे नाव लिहिताना हे डोके आणि शेपूट दोन्ही गाळायचे. म्हणून लिबबीजीआय.ए ही फाइल हवी असेल तर स्मॉल एलपुढे फक्त ‘बीजीआय’ लिहितात. एकाच फोल्डरात दोन्ही प्रकारच्या फाइली असतील तर लिनक्सवरचा लिंकर गतिशील म्हणजे ‘.एसओ’ फाइलीला पसंती देतो. व्हिज्युअल स्टुडिओत हे संक्षेप चालत नाहीत. तिथे ‘अॅडिशनल डिपेंडन्सीज’ रकान्यात ‘.लिब’सकट पूर्ण नाव लिहितात. त्यातही एक मेख आहे: डीएलएलबरोबर मिळणारी ‘.लिब’ फाइल अनेकदा फक्त आयात-सूची असते, तिच्यात कोड नसतो. म्हणूनच बिल्ड यशस्वी होऊनही प्रोग्राम चालवताना डीएलएल लागतेच.

विनबीजीआयएमसाठी लिंकरला एकूण सहा नावे द्यावी लागतात: बीजीआय, जीडीआय३२, कॉमडीएलजी३२, यूयूआयडी, ओएलईऑट३२ आणि ओएलई३२. पहिली मुख्य लायब्ररी, उरलेल्या पाच विंडोजच्या. रेषा-वर्तुळे शेवटी विंडोजची जीडीआय३२ काढते, फाइल निवडण्याच्या ठरावीक खिडक्या कॉमडीएलजी३२ देते. लायब्ररीलाही लायब्रऱ्या लागतात आणि स्थिर लायब्ररी वापरताना ती सगळी साखळी हाताने लिहावी लागते, हे इथे स्पष्ट दिसते.

ही नावे याच क्रमाने का, या प्रश्नाचे उत्तर लिंकरच्या वाचण्याच्या पद्धतीत आहे. जीसीसीबरोबर येणारा पारंपरिक लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो. ऑब्जेक्ट फाइल भेटली की ती पूर्ण घेतो आणि तिच्यातली न सापडलेली नावे एका यादीत टिपतो. स्थिर लायब्ररी भेटली की त्या क्षणी यादीत असलेल्या नावांपुरतेच तुकडे तिच्यातून उचलतो आणि पुढे सरकतो. मागे वळून पाहत नाही. त्यामुळे लायब्ररी आधी आणि ती वापरणारी ऑब्जेक्ट फाइल नंतर आली, तर लायब्ररी वाचताना यादी रिकामी असते, काहीच उचलले जात नाही आणि शेवटी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’च्या ओळींचा ढीग पडतो. नियम असा: मागणारा आधी, देणारा नंतर. मिंगडब्ल्यूवर, म्हणजे जीसीसीच्या विंडोजवरच्या रूपात, एसडीएल२ वापरताना मिंगडब्ल्यू३२, मग एसडीएल२मेन, मग एसडीएल२ हा क्रम याच नियमातून येतो. मिंगडब्ल्यू३२ मधला सुरुवातीचा कोड विनमेन हे फंक्शन मागतो, ते एसडीएल२मेनमध्ये मिळते, आणि एसडीएल२मेनला लागणारी फंक्शने एसडीएल२मध्ये असतात. क्रम बिघडला की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन’ हा कुप्रसिद्ध संदेश समोर येतो. मायक्रोसॉफ्टचा लिंकर आणि एलएलव्हीएमचा एलएलडी या बाबतीत बरेच उदार आहेत, म्हणून विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओत सुरळीत बिल्ड होणारा प्रकल्प लिनक्सवर नेल्यावर लिंकरपाशी अडखळतो. दोन स्थिर लायब्रऱ्या एकमेकींवर अवलंबून असतील तर सरळ क्रम शक्यच नसतो. तेव्हा त्यांना ‘स्टार्ट-ग्रुप’ आणि ‘एंड-ग्रुप’ या फ्लॅगांच्या मध्ये ठेवतात आणि लिंकर त्या गटावरून पुन्हा पुन्हा फिरतो.

नाव, पत्ता, क्रम सगळे बरोबर असूनही बिल्ड फसते तेव्हा बहुधा जुळणी चुकलेली असते. पहिली तपासणी बिटांची. कोड::ब्लॉक्सच्या १७.१२ या आवृत्तीबरोबर ३२-बिट कंपायलर येई, २०.०३ बरोबर ६४-बिट येऊ लागला, आणि विनबीजीआयएमची सर्रास मिळणारी प्रत ३२-बिट आहे. परिणामी जुन्या सूचनांप्रमाणे तंतोतंत केलेले काम नव्या आवृत्तीत मोडते. लिंकर ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ असे पुटपुटतो आणि खाली ‘कॅनॉट फाइंड’ म्हणतो. वाचणारा दुसऱ्याच ओळीवर अडकतो आणि पत्ता बदलत बसतो, खरे कारण पहिल्या ओळीत असते. उपाय ३२-बिट कंपायलर बसवण्याचा किंवा लायब्ररीची ६४-बिट प्रत मिळवण्याचा.

दुसरी जुळणी कंपायलरची. सी++ चा कंपायलर फंक्शनच्या नावात त्याच्या मूल्यांचे प्रकार गुंफून एक लांब नाव तयार करतो, आणि हे गुंफण जीसीसीचे वेगळे, मायक्रोसॉफ्टचे वेगळे. म्हणून एकाने बनवलेली सी++ लायब्ररी दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. सी भाषेतल्या लायब्रऱ्यांना हा त्रास फारसा नाही. जीसीसीच्या घरातही एक भिंत आहे: २०१५ च्या पाचव्या आवृत्तीत स्ट्रिंग आणि लिस्ट यांची आतली रचना बदलली. त्या भिंतीच्या दोन बाजूंचा कोड जोडायचा प्रयत्न केला तर न सापडलेल्या नावांत ‘सीएक्सएक्स११’ हा अक्षरगुच्छ दिसतो. व्हिज्युअल स्टुडिओत २०१५ पासूनच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळतात, मात्र लिंक करताना त्यांतली सर्वांत नवी अवजारे वापरावी लागतात.

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये तिसरी जुळणीही सांभाळावी लागते. एमडी आणि एमटी हे फ्लॅग सी रनटाइम डीएलएलमधून घ्यायचे की प्रोग्राममध्ये भरायचे ते ठरवतात, आणि प्रत्येकाला शेवटी स्मॉल डी लावलेले डिबग रूप आहे. प्रकल्प एका प्रकारचा आणि लायब्ररी दुसऱ्या प्रकारची असली की एलएनके२०३८ ही चूक येते. तिच्यात दोन्ही बाजूंची मूल्ये छापलेली असतात, त्यामुळे काय बदलायचे ते लगेच कळते.

भरलेली मूल्ये आयडीई नेमकी कुठे साठवते, याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिले जाते. कोड::ब्लॉक्समध्ये तीन थर आहेत: ‘सेटिंग्ज’ मेनूतली मूल्ये त्या संगणकावरच्या सर्व प्रकल्पांना लागू होतात, ‘बिल्ड ऑप्शन्स’मध्ये डावीकडच्या यादीत प्रकल्पाचे नाव निवडले तर पूर्ण प्रकल्पाला, आणि ‘डिबग’ किंवा ‘रिलीज’ निवडले तर फक्त त्या रूपाला. खिडकी उघडताना कोणती ओळ निवडलेली आहे हे न पाहता पत्ते भरले की डिबग चालते आणि रिलीज मोडते. व्हिज्युअल स्टुडिओत हाच सापळा खिडकीच्या वरच्या ‘कॉन्फिगरेशन’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ या दोन याद्यांत आहे. हेडरचा पत्ता तिथे ‘ऑल कॉन्फिगरेशन्स’साठी एकदाच भरणे योग्य. लायब्ररीचा पत्ता मात्र डिबग-रिलीज आणि ३२-६४ असा वेगवेगळा भरावा लागतो, कारण फाइलीच वेगळ्या असतात. सर्व प्रकल्पांना लागू होणाऱ्या थरात बाहेरची लायब्ररी भरणे टाळावे हेच बरे. काम तेवढ्यापुरते भागते, पण प्रकल्प दुसऱ्याच्या संगणकावर नेला की ती माहिती मागेच राहते. सी ड्राइव्हपासून सुरू होणारा पूर्ण पत्ताही असाच परका ठरतो. लायब्ररी प्रकल्पाच्या फोल्डरात ठेवून तिथून मोजलेला सापेक्ष पत्ता दिला तर प्रकल्प कुठेही नेता येतो.

व्हीएस कोडमध्ये वेगळाच घोळ होतो. तिथे संपादकातल्या लाल रेषा आणि प्रत्यक्ष बिल्ड यांच्या सेटिंग्ज दोन निराळ्या फाइलींत असतात: सी_सीपीपी_प्रॉपर्टीज.जेसन ही फाइल फक्त संपादकाच्या मदतीसाठी, टास्क्स.जेसन ही बिल्डसाठी. पहिल्या फाइलीत हेडरचा पत्ता भरला की लाल रेषा जाते आणि काम झाल्यासारखे वाटते, पण कंपायलरला त्याचा पत्ताही नसतो.

या साऱ्या शंकांचा निकाल लावणारी जागा म्हणजे बिल्डचा लॉग. कोड::ब्लॉक्समध्ये कंपायलरच्या ‘अदर सेटिंग्ज’मध्ये ‘फुल कमांड लाइन’ निवडली की प्रत्यक्ष दिलेली कमांड जशीच्या तशी दिसते. व्हिज्युअल स्टुडिओत कंपायलर आणि लिंकर दोघांच्या पानांखाली ‘कमांड लाइन’ नावाचे पान आहे. रकान्यात भरलेला पत्ता त्या कमांडमध्ये आला आहे का, ज्या टप्प्यावर हवा त्याच टप्प्यावर आला आहे का, हे पाहिले की निम्म्या चुका तिथेच उघड्या पडतात. हेडरचा पत्ता चुकून लिंकरच्या रकान्यात भरला तर लिंकर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

बिल्ड पार पडल्यावर उरतो लोडर. विंडोज आधी प्रोग्रामच्या फोल्डरात, मग सिस्टिमच्या फोल्डरांत आणि ‘पाथ’मध्ये नोंदवलेल्या फोल्डरांत डीएलएल शोधते, म्हणून डीएलएल प्रोग्रामशेजारी ठेवणे हा सर्वांत सरळ मार्ग. लिनक्सवर लोडर प्रोग्रामच्या फोल्डरात आपणहून पाहत नाही. नवी लायब्ररी सिस्टिमच्या फोल्डरात बसवल्यावर ‘एलडीकॉन्फिग’ चालवावे लागते, किंवा ‘आरपाथ’ या फ्लॅगने लिंक करतानाच पत्ता प्रोग्राममध्ये कोरून ठेवतात.

इतके रकाने प्रत्येक लायब्ररीसाठी हाताने भरण्याचा ताप कमी करणारी साधने आता स्थिरावली आहेत. पीकेजी-कॉन्फिग हे साधन लायब्ररीबरोबर येणारी ‘.पीसी’ फाइल वाचून कंपायलरचे आणि लिंकरचे फ्लॅग योग्य क्रमाने छापून देते. सीमेकमध्ये त्याहून पुढची सोय आहे: ‘टार्गेट_लिंक_लायब्ररीज’ या एका ओळीने हेडरचे पत्ते, डिफाइन आणि लिंकरची साखळी एकदमच प्रकल्पाला लागू होतात, कारण लायब्ररीच्या गरजा तिच्याबरोबरच नोंदवलेल्या असतात. व्हिज्युअल स्टुडिओ, क्यूटी क्रिएटर आणि सीलायन हे तिन्ही आयडीई सीमेकची फाइल थेट उघडतात. कोनन आणि मायक्रोसॉफ्टचे व्हीसीपीकेजी ही साधने तर हव्या त्या कंपायलरसाठी आणि बिटांसाठी लायब्ररी उतरवून किंवा बांधून सीमेकच्या हाती देतात, त्यामुळे जुळणीचा प्रश्नही बराचसा त्यांच्याकडेच जातो. विनबीजीआयएमसारख्या जुन्या, कोणत्याही पॅकेजात न बांधलेल्या लायब्ररीसाठी मात्र ती सहा नावे आजही हातानेच लिहावी लागतात.